छापून आण, मग हसतो

चाचांसमोर कुणी मोबाइल धरला की ते मान मागे घ्यायचे. उकळत्या पातेल्यावरचं झाकण काढलं की आपण घेतो ना, तशी. प्रेसमधली पोरं हौसेने काहीतरी विनोदी चित्र त्यांच्या नाकासमोर न्यायची आणि चाचांचं उत्तर ठरलेलं असायचं, "छापून आण, मग हसतो."

पोरांना हे उत्तरच मूळ विनोदापेक्षा जास्त आवडायचं. चाचांना त्याचं काही नव्हतं. मोबाइलवरचा विनोद म्हणजे उभ्या उभ्या घेतलेला चहा, असं त्यांचं म्हणणं होतं. घशाखाली जातो, पण चहा घेतला असं वाटत नाही. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा होता आणि तो दर शुक्रवारी घरी फोन करण्यापुरता खिशातून बाहेर यायचा.

आमची प्रेस ओमानमध्ये, रुवीत, मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत. पुढे काउंटर, मग माझं डिझाइनचं टेबल, मग छपाईची मशीन्स आणि अगदी मागे, एसीची हवा जेमतेम पोचेल अशा जागी, चाचांचं बाइंडिंग. उंच, काटकुळा माणूस, साठी उलटलेली, मूळचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. बोटांवर वाळलेल्या गोंदाचे पापुद्रे कायम. बत्तीस वर्षं ते त्याच टेबलापाशी उभे होते. प्रेसचे मालक ओमानी, त्यांना आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो. त्या अर्बाबचे वडील मालक होते तेव्हापासून चाचा तिथे. त्यामुळे मालक कोण आणि नोकर कोण हे नव्या गिऱ्हाइकाला पटकन कळायचं नाही.

एकदा एका बँकेतले साहेब त्यांच्या डायऱ्या न्यायला आले. त्यांनी एक उचलली आणि मजबुती बघायची म्हणून दोन्ही पुठ्ठे मागे नेऊन एकमेकांना टेकवले. कडकन आवाज झाला. चाचा मागून आले, त्यांच्या हातातून ती डायरी काढून घेतली आणि म्हणाले, "आपकी पीठ ऐसा मोडेगा तो चलेगा?" बाकीच्या डायऱ्याही देईनात. शेवटी अर्बाबनी साहेबांना कहवा पाजला, खजूर खाऊ घातले, आणि यापुढे कुठल्याही पुस्तकाची पाठ मोडणार नाही असं जवळजवळ कबूल करून घेतलं, तेव्हा कुठे डायऱ्या गाडीत चढल्या.

कागद हातात आला की त्याचा कोपरा जिभेने ओला करायचा आणि तो कुठल्या बाजूला वळतो ते बघायचं, ही त्यांची दुसरी खोड. कागदाची वीण कुठल्या दिशेने आहे ते त्यावरून कळतं, आणि वीण उलटी असली तर पुस्तक नीट मिटत नाही. कामात ठीक आहे. पण चाचा लग्नाच्या पत्रिका चाटायचे, हॉटेलातलं मेन्यूकार्ड चाटायचे. माझं पगारवाढीचं पत्र मी त्यांना आनंदाने दाखवायला नेलं, तर त्याचाही कोपरा ओला करून म्हणाले, "कागद हलका वापरलाय." वाढ किती झाली ते विचारलंच नाही.

रुवीत दुपारी एक ते चार सगळं बंद असतं. मी राहते माबेलाला. तिथे जाऊन परत येण्यात ते तीन तास महामार्गावरच संपतील, म्हणून मी प्रेसमध्येच थांबायचे. चाचांची खोली चालत पाच मिनिटांवर होती, पण त्या खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही, म्हणून तेही थांबायचे. ते डबा उघडायचे, भात आणि माशाचं कालवण, आणि मी टॅबलेट उघडायचे. त्या दुपारच्या तीन तासांत मी माझी चित्रकथा काढायचे आणि दहा-बारा दिवसांतून एकदा इंटरनेटवर टाकायचे. नाव होतं 'यल्ला, उठा!' यल्ला म्हणजे अरबीत 'चला, आटपा'.

फार काही नव्हतं त्यात. माबेलातलं एक मराठी घर. सकाळी कुणालाच न उठवू शकणारी आई, गाडीची किल्ली रोज हरवणारा बाबा, आणि इंग्रजी शाळेत जाणारी, मराठी बोलताना दर तिसऱ्या शब्दाला ठेचकाळणारी मुलगी. म्हणजे आम्हीच. फोनवर अंगठ्याने सरकवत वाचायचं असल्यामुळे चौकटी एकाखाली एक, चार नाहीतर पाच. लोकांना आवडत होतं. हसून लोळणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांचा पाऊस पडायचा. अकोल्याची माझी आईसुद्धा तेच चेहरे पाठवायची, आणि मी फोन केला की विचारायची, "त्यात शेवटी काय झालं गं?"

चाचांना मी एकदाच टॅबलेट दाखवायला गेले. मान मागे. "छापून आण."

माझ्या नाकावर राग असतो. मी तिथल्या तिथे रद्दी कागदावर एक प्रिंट मारली आणि त्यांच्या डब्याशेजारी आपटली. त्यांनी हात धुतले, पुसले. कोपरा ओला केला, अर्थातच. मग पुठ्ठ्याची एक पट्टी घेतली, चित्रावर आडवी ठेवली आणि फक्त पहिली चौकट उघडी ठेवली. ती बघून झाली, नीट, दोन घास खाऊन झाले, मग पट्टी खाली सरकवली. दुसरी चौकट. पुन्हा दोन घास. मला वाटलं हा माणूस माझा अंत बघणार. बाबा महामार्गावर वळण चुकतो, आई म्हणते पुढच्या वळणाला वळ, तेही चुकतं, आणि शेवटच्या चौकटीत गाडी विमानतळाच्या दारात उभी आहे. आई म्हणते, "आलोच आहोत तर अकोल्याला जाऊन येऊ." चाचांनी ती चौकट पाहिली, कागदाची घडी घातली, खिशात टाकली आणि डबा धुवायला गेले. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

दोन दिवसांनी पावतीपुस्तकांच्या चळती ठोकून सरळ करताना त्यांचे खांदे अचानक गदगदायला लागले. आवाज नाही. चाचांचं हसू बिनआवाजी होतं आणि उशिरा यायचं. मी घाबरून जवळ गेले तर डोळे पुसत म्हणाले, "सामान नाय घेतलं गो त्यांनी. अकोल्याला निघाली, बॅग कुठाय?"

त्या दिवसापासून दर चित्राची एक प्रत त्यांची ठरली, आधीचीही त्यांनी छापून मागितली. पुढे पुढे तर चित्र इंटरनेटवर जायच्या आधी कागदावर चाचांकडे जायला लागलं.

सगळं त्यांना आवडायचं असं मात्र नाही. आमच्या इमारतीच्या वॉचमनवर मी एक चित्र काढलं होतं. लिफ्ट कधी दुरुस्त होणार, इन्शाल्ला. पाणी कधी येणार, इन्शाल्ला. शेवटी तोच लिफ्टमध्ये अडकतो, आतून ओरडतो, आणि आई बाहेरून म्हणते, इन्शाल्ला. लोक तुटून पडले होते त्यावर. माझ्या सगळ्या चित्रांत तेच सगळ्यात जास्त फिरलं. चाचांनी पट्टी सरकवत सरकवत शेवटपर्यंत पाहिलं आणि कागद मला परत दिला. घडी नाही, खिसा नाही.

"लिफ्ट त्यानं बिघडवली काय?"

"चाचा, विनोद आहे तो."

"त्याला मराठी येत नाय, तो हे वाचणार नाय. म्हणून तू काढलंस. तुझ्या मालकावर काढशील?"

मी चिडले. चार दिवस दुपारी त्यांच्याशी बोलले नाही, उलट बाजूला खुर्ची फिरवून बसले. त्यांनाही फरक पडला नाही, ते भात खात राहिले. पाचव्या दिवशी आमच्या इमारतीत पाणी आलं नाही आणि तो वॉचमन दोन्ही हातांत बादल्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढून आला. त्याच्याकडे बघवेना मला. मी ते चित्र काढून टाकलं. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "पान कमी झालं. दुसरं काढ."

तेव्हा कळलं की ते पानं मोजत होते. माझ्या सगळ्या प्रती त्यांनी टेबलाच्या खणात क्रमाने लावून ठेवल्या होत्या. शाळेच्या पहिल्या दिवशी रडणारी मुलगी सगळ्यात वर, चौथीत गेलेली सगळ्यात खाली. "शहाण्णव झाली की बांधायचं," ते म्हणाले. मला विचारलं नव्हतं, ठरवून झालं होतं.

आणि एकदा चाचांनी ठरवलं की ठरलं. एका हॉटेलच्या कॅलेंडरचा भारी कागद उरला होता, तो अर्बाबकडून मागून घेतला. अर्बाब म्हणाले, "ले लो, ले लो, बच्चे का किताब है." दीडशे प्रती निघतील एवढा कागद भरला. मी नेटवर लिहिलं की पुस्तक येतंय, रुवीतून घेऊन जा, तर पार सीब गावापासून लोकांनी नावं नोंदवली. चाचांचं त्याच महिन्यात कायमचं घरी जायचं ठरलं. गुडघे बोलायला लागले होते. व्हिसा रद्द करायचे कागद झाले, शनिवारी सकाळचं विमान ठरलं, आणि त्यांनी अर्बाबना सांगितलं की शेवटचं काम हे पुस्तक. "बत्तीस वर्षांत आपल्या भाषेतलं एक पन पुस्तक बांधलं नाय मी. हे बांधून जाणार."

पानं मी छापली, कापली, चळती करून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. कव्हरवर माझी हौस होती. पुढच्या बाजूला समोरून येणारी गाडी, मागच्या बाजूला तीच गाडी पाठमोरी, आणि 'यल्ला, उठा!' हे नाव दोन्हीकडे. फार हुशारी केली असं वाटलं होतं मला तेव्हा.

बुधवारी सकाळी मी प्रेसमध्ये आले तर टेबलावर दीडशे पुस्तकं उभी रचलेली. कडा अशा सरळ की वरून हात फिरवावासा वाटावा. चाचा हात मागे बांधून शेजारी उभे. मी वरची प्रत उचलली, कव्हर उघडलं आणि माझी मुलगी चौथीत होती.

पान उलटलं. तिसरीत आली. आणखी चार पानं उलटली, तिचे पडलेले दात परत आले. अकोल्याला निघालेली गाडी पुस्तकाच्या शेवटाकडे होती आणि शाळेचा पहिला दिवस सगळ्यात शेवटी. मी दुसरी प्रत बघितली, दहावी, पन्नासावी. सगळी तशीच.

"चाचा," मी म्हटलं, "हे उलटं बांधलंय."

"काय बोलतेस?" त्यांनी माझ्या हातातून प्रत घेतली आणि उजव्या बाजूने उघडली. पहिलं पान. "हे बघ, बरोबर हाय."

मग त्यांचे हात थांबले.

आमच्या प्रेसमध्ये दहातली नऊ पुस्तकं अरबी. अरबी पुस्तकाची पाठ उजवीकडे असते आणि ते उजवीकडून उघडतं. बत्तीस वर्षं चाचांच्या हातांनी पानांची चळत त्याच बाजूने गोंदावर ठेवली होती. हातांनी सवयीने तेच केलं. पहिली प्रत तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही हा त्यांचा नियम, आणि त्यांनी ती तपासलीही होती. फक्त तीही उजवीकडून उघडून. पहिलं पान पहिल्या जागी दिसलं, कव्हरवर नाव दिसलं, म्हणून पुढे गेले. नाव दोन्हीकडे घालायची हौस माझी, त्यामुळे मला ओरडायलाही तोंड नव्हतं.

चाचा स्टुलावर बसले. कामाच्या वेळेत ते बसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

अर्बाब आले. त्यांनी पुस्तक उघडलं, अर्थातच उजवीकडून, आणि खूश झाले. मी डावीकडून उघडून दाखवलं तेव्हा आणखी खूश झाले. "बहुत अच्छा! इसमें बच्चा छोटा होता जाता है! मा फी मुश्किल, कोई बात नहीं, चाचा, कौन देखेगा? दे दो." मीही म्हटलं, राहू द्या. खरंच म्हटलं. लोक हसतील, सांभाळून घेतील, मी नेटवर लिहीन की शेवटापासून वाचा. शनिवारी विमान आहे या माणसाचं, बॅगा भरायच्यात, खोलीतल्यांनी त्यांच्यासाठी गुरुवारी जेवण ठेवलंय.

चाचा उठले. "नाय," ते म्हणाले. "अशी जानार नाय."

"चाचा, लोक उद्या चारला यायला लागतील."

"चारला बरोबर पुस्तक देऊ." आणि कात्रीसारख्या पात्याच्या त्या मोठ्या कटिंग मशीनकडे गेले.

बाइंडिंगच्या मशीनवर शाळेच्या डायऱ्यांचं काम लागलं होतं, ते थांबवता येत नव्हतं. म्हणजे सगळं हाताने. कव्हर सोलायचं, गोंद लागलेली कड चार मिलिमीटर कापून टाकायची, सुटी झालेली पानं फिरवून ठोकून सरळ करायची, दुसऱ्या कडेला ब्रशने गोंद, नवं कव्हर, वजनाखाली दाबून ठेवायचं. मी नवी कव्हरं छापायला घेतली. नवऱ्याला फोन केला की शाळेतून मुलीला तू आण. तो म्हणाला, किल्ली कुठाय? मी फोन ठेवला.

पहिलीच प्रत कापायच्या आधी चाचांनी पट्टीने प्रत्येक पानाची कड मोजली. सगळीकडे जागा होती, एका पानावर नव्हती. तिथे मुलगी शाळेच्या बसच्या खिडकीतून हात हलवते आणि तो हात मी थेट पानाच्या कडेपर्यंत नेला होता. चार मिलिमीटर गेले की तिची बोटं गेली.

"कुणाच्या लक्षात येणार नाही," मी म्हटलं.

"पोरीची बोटं कापायची नाय. हे पान परत छाप, डावीकडे सरकव."

"दीडशे?"

"दीडशे."

मी ते पान सरकवून पुन्हा छपाईला लावलं. दुपारी एक वाजता रुवी बंद झाली, आम्ही चालू राहिलो. पोरांपैकी कुणीतरी शोवरमा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. मी कव्हरं सोलत होते, पहिल्या तासात चार फाडली, मग हात बसला. चाचा एकेक चळत घ्यायचे, गोंदाच्या आधी थांबायचे, आणि प्रत्येक वेळी डावा हात कडेवर ठेवून मोठ्याने म्हणायचे, "पाठ इथं." बत्तीस वर्षांच्या हातांना ते नव्याने शिकवत होते. दर प्रतीला. मी मोजत नव्हते, पण दीडशे वेळा ते शब्द माझ्या कानावर पडले असणार. मधेच एकदा त्यांचा हात पुन्हा उजवीकडे गेला. त्यांनी ब्रश खाली ठेवला, हात धुऊन आले, आणि पुन्हा सुरुवात केली. त्या माणसाचा मला त्या दुपारी भयंकर राग आला होता, आणि इतकं प्रेमही मला त्याच्याबद्दल आधी कधी वाटलं नव्हतं.

गुरुवारी तीनला आमचं होत आलं. लोक चारऐवजी साडेतीनलाच यायला लागले. चाचा हात धुऊन, शर्ट बदलून काउंटरवर आले आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पुस्तक दिलं. देण्याआधी डावीकडून उघडून पहिलं पान दाखवायचे. लोकांनी पुस्तकाचा फोटो काढला, पुस्तकासोबत स्वतःचा फोटो काढला, माझ्यासोबत काढला, आणि पुस्तक पिशवीत टाकून निघून गेले. "फोटो कशाला?" चाचा मला विचारत होते. "पुस्तक हातात हाय की त्यांच्या!" एका बाईंनी उलट्या बाजूने पुस्तक धरून फोटो काढला तेव्हा त्यांनी काउंटरवरून वाकून त्यांच्या हातातलं पुस्तक सरळ केलं.

मी मागे गेले तर टेबलावर एक जुनी प्रत उरली होती. न सोललेली, उजव्या पाठीची. विसरली असेल असं वाटून मी कव्हरला नख लावलं, तेवढ्यात चाचा आले आणि ती माझ्या हातातून घेतली.

"ही नको. ही माझी."

"चुकलेली प्रत घरी नेणार? गावाला दाखवायला, हे बघा माझं शेवटचं काम म्हणून?" मी दमले होते, बोलून गेले.

"गावाला नाय. घरात." ते पुस्तक शर्टाने पुसत होते. "आमच्या घरातली उर्दू शाळेत गेली, चार बुकं. पुढं नाय शिकवली तिला. पुस्तक हातात घेतलं की उजवीकडनं उघडते. मराठी पुस्तक दिलं की शेवटचं पान आधी बघते, मग ठेवून देते. बत्तीस वर्षं हिला ठाऊक हाय मी पुस्तकं बांधतो. माझ्या हातचं एक तिच्या हातात गेलं नाय. काय नेणार होतो, पावतीपुस्तक?"

"पण चाचा, मराठी वाचता येत नाही ना त्यांना?"

"चित्र हाय. चौकटी वरनं खाली हायत, त्यात उजवं-डावं काय? बोलतात काय ते मी सांगेन. आता मी घरीच हाय."

मी म्हटलं, मग तर ही चूक झालीच नाही म्हणायची.

"चूक ती चूक," ते एकदम म्हणाले. "एकशे एकोणपन्नास चुका होत्या. ही एक नाय." आणि ते पुस्तक त्यांनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं.

शनिवारी मी विमानतळावर गेले नाही. घरची कामं आणि माबेलाचा रस्ता, नेहमीचं कारण. अर्बाब गेले होते. त्यांनी सांगितलं की चाचांनी हलव्याचे डबे मोठ्या बॅगेत टाकले आणि पुस्तक हातात धरून आत गेले.

तीन आठवड्यांनी एका शुक्रवारी सकाळी भारतातल्या अनोळखी नंबरवरून फोन आला. चाचा. कशी आहेस नाही, काही नाही. चिडलेले होते.

"बाय, तू हिला समजाव. रोज संध्याकाळी पाचच पानं बघायची असं ठरलं होतं. मी नमाजाला गेलो तर ही पुढं गेली! आठ पानं!"

"मग काय झालं?"

"मग काय? आता शेजारणीला बसवून दाखवते. मी सांगितलेलं सगळं चुकीचं सांगते. ऐक, ऐक जरा."

त्यांनी फोन बहुधा आतल्या दाराशी धरला. आधी पंख्याची घरघर आली, मग पान उलटल्याचा आवाज, मग एका बाईचा आवाज काहीतरी भरभर सांगणारा, आणि मग ती हसली. मोठ्याने, धाप लागेपर्यंत, बोलायला जाऊन पुन्हा हसली, आणि शेजारीण तिच्यात मिसळली. तीन वर्षं मला पिवळे चेहरे येत होते. माझ्या चित्राला माणूस हसल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. माबेलाच्या स्वयंपाकघरात गॅस बंद करून मी नुसती उभी राहिले आणि मला रडू आलं, ते मी त्यांना कळू दिलं नाही.

फोन त्या बाईंनी घेतला. "तू काय गो ती?" दम लागलेला होता. "त्या पोरीचं पुढं काय झालं? पाचवीत गेली का?"

"गेली," मी म्हटलं. "काढतेय मी. पण इथे आता तुमच्यासाठी उजवीकडून बांधणार कोण? नवीन मुलगा सगळं मशीनवर करतो."

पलीकडे काही क्षण कुजबुज झाली. मग चाचा आले.

"सुटी पानं पाठव," ते म्हणाले. "गोंद मी चिपळूणवरनं आणलाय."